चौथं चाक

खोकं उघडलं तेव्हा सगळ्यात वरची जर्सी पालथी होती, त्यामुळे आधी पाठच दिसली. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, ताईच्या अक्षरात छापलेलं होतं: ‘तुम्ही व्हा पुढे, मी येतो.’ ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिचं अक्षर मी कुठेही ओळखतो; वेलांट्या लांब, आणि मात्रा अशा की शेजारच्या अक्षरावर रेलून बसल्यात. दुकानात त्या वेळी एक म्हातारे गृहस्थ चष्मा घसरतो म्हणून येऊन बसले होते. त्यांची फ्रेम माझ्या डाव्या हातात होती आणि उजव्या हातात खोकं फाडायची कात्री. आमच्या सायकलवाल्यांच्या कॅप्टनने सकाळीच फोनवर सांगितलं होतं की जर्सी तुझ्या दुकानात येतील, दुकान सगळ्यांच्या वाटेवर आहे, ज्याची त्याची येऊन घेऊन जाईल. मी बरं म्हणालो होतो. वर काय छापलंय ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाटलं, असेल एखादी तारीख, एखादं सायकलचं चित्र. आता ती ओळ वाचली आणि माझ्या हाताला असा झटका आला की म्हाताऱ्यांच्या फ्रेमची काडी कट्कन मोडली. काय झालं हो, त्यांनी विचारलं. काही नाही, जुनी होती, मी म्हणालो. जुनी कसली, सहा महिन्यांपूर्वी मीच विकलेली. नवी काडी बसवून दिली, दोनदा माफी मागितली, ते गेले, आणि मी काउंटरमागच्या स्टुलावर बसून एकेक जर्सी पालथी करून बघत राहिलो, एखादीवर तरी ती ओळ नसेल म्हणून. चाळीसच्या चाळीस जर्सींवर होती, आणि ताईसाठी मागवलेल्या एकेचाळिसाव्या जर्सीवरही.

ही ओळ कुणाची असं आमच्यातल्या कुणालाही विचारा, माझ्याकडे बोट दाखवून सांगतील, याच्या साडूची. जाण्याआधी बोललेली शेवटची. येत्या रविवारी त्याला जाऊन वर्ष होतंय, म्हणून त्याच्या आठवणीत चाळीस माणसं सायकलींवर निघणार, त्याची बायको म्हणजे ताई झेंडा दाखवणार, आणि ही ओळ चाळीस पाठींवरून गावभर फिरणार. फक्त त्याने ती कधी म्हटलीच नाही. ती मी म्हटली. त्याच्या नावावर, चालत्या सायकलवरून, कारण आमच्याकडे वेळ कमी होता. हे मला एकट्याला माहीत आहे. वर्षभर माहीत आहे आणि वर्षभर मी चष्मे विकतोय, दोन वेळा जेवतोय, बायकोशी क्षुल्लक गोष्टींवरून भांडतोय, आणि कुणाच्या बापाला पत्ता नाही. आजवर निदान ते बोललं गेलेलं वाक्य होतं, हवेतलं. आता ताईने ते हाताने लिहून दिलं होतं. रविवारच्या आत तिला सांगायचं, नाहीतर मग कधीच नाही, हे मला तिथे स्टुलावर बसल्याबसल्या कळून चुकलं. दुकान दीड वाजता दोन तासांसाठी बंद करतो. साडेअकरा वाजले होते.

साडू हे नातंच मुळात विचित्र. रक्ताचं नाही, आपण निवडलेलं नाही. दोन बहिणी आपापल्या मर्जीने लग्नं करतात आणि दोन परके पुरुष जन्मभरासाठी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर येऊन बसतात. मग सासुरवाडीत त्यांची मापं घेणं सुरू होतं. तो थोरला, मी धाकटा. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. कुठल्या रस्त्याखालून किती इंची पाइप गेलाय, कुठे वळलाय, कुठे गंजलाय, सगळं तोंडपाठ. रस्त्याने चालताना मध्येच थांबून म्हणायचा, इथे खाली व्हॉल्व्ह आहे. बस, एवढंच. यावर समोरच्याने बोलायचं तरी काय? सासूबाई मला ऐकवायच्या, थोरल्यांचं बघा, कधी म्हणून काही मागत नाहीत. खरंच मागायचा नाही. भाजीत मीठ नसलं तरी गुमान जेवायचा, आणि मी पहिल्याच घासाला मिठाची डबी मागणारा. अठरा वर्षं आमचं अहो-जाहो चाललं. सायकलीने ते महिन्याभरात मोडलं, कारण ‘अहो, जरा पुढे खड्डा आहे’ असं म्हणेपर्यंत मागचा माणूस खड्ड्यात गेलेला असतो. तो मला पहिल्यांदा ‘ए, खड्डा!’ असं ओरडला त्या सकाळी मी दिवसभर खुशीत होतो. पन्नाशीला टेकल्यावर भाऊ मिळाला होता मला, लाज कसली सांगायला.

त्याला सायकलीवर बसवलं मीच. माझी साखर वाढली होती, दुकानाशेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मला त्यांच्या सायकलवाल्यांत ओढून घेऊन गेल्या, आणि ताईने ते ऐकल्यावर फोन केला की तुम्ही जाताय तर यांनाही न्या, दिवसभर मान खाली घालून नकाशावर बसलेले असतात. तो आला. न कुरकुरता आला, जसा तो सगळीकडे यायचा. त्याचा वेग कमी होता पण पाय थांबायचे नाहीत. चढावर त्याचा श्वास मागून ऐकू यायचा, मोठा, एकसारखा, आणि मला तो आवाज मागे असला की बरं वाटायचं. हेही सांगून टाकतो, त्याच्यामुळे मी शेवटचा नव्हतो, म्हणूनही बरं वाटायचं.

ज्या आव्हानासाठी आम्ही चार महिने घाम गाळला, त्यात पहिला-दुसरा नंबर नव्हता. दोन दिवस, तीनशे वीस किलोमीटर, पाच-पाच जणांचे गट. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत पाचातले निदान चार जण एकत्र पोचले तर गट पूर्ण. नाहीतर पाचांचीही मेहनत पाण्यात. म्हणजे एकाला मागे सोडायची मुभा होती. ती कुणाची सायकल मोडली, कुणाचं पोट बिघडलं तर, म्हणून ठेवलेली. आमचे पाच म्हणजे कॅप्टन, ज्याचं औषधांचं दुकान आहे आणि ज्याने आयुष्यात शिट्टीखेरीज कसलंही हत्यार हाती धरलेलं नाही, डॉक्टरीणबाई, एक कुलूपवाला, जो किल्ल्या बनवतो आणि दिवसाला चार शब्द बोलतो, साडू, आणि मी. कॅप्टनने आम्हाला रांगेत चालवायला शिकवलं. चाकामागे चाक, हातभर अंतर. पुढचा वारा फोडतो, मागच्यांना सोपं जातं. पाच मिनिटं झाली की पुढच्याने बाजूला व्हायचं, बाकीच्यांना आपल्या शेजारून जाऊ द्यायचं, आणि शेवटच्या चाकामागे जाऊन चिकटायचं. रांगेतल्या कुणीही मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की हँडल वळतं आणि अख्खी रांग भुईसपाट होते. मागे बघायची परवानगी फक्त शेपटाला. बाजूला झालेला माणूस शेवटी जाऊन लागला की तोच शेपूट, आणि त्याने सगळ्यांना मोजून ओरडायचं, ‘सगळे!’ तो आवाज आला की पुढचा जोर लावतो. तो आवाज येईपर्यंत लावत नाही. कॅप्टनने हे आमच्याकडून इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की एकदा दुकानात गिऱ्हाईकाला चष्मा, डबी आणि पुसायचं कापड हातात देऊन मी मोठ्याने ‘सगळे’ म्हणालो होतो. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठा चढ संपला तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि तीस किलोमीटर उरले होते. पुढे माळ, झाडं नाहीत, आणि वारा थेट तोंडावर. सकाळी डॉक्टरीणबाईंचं चाक दोनदा पंक्चर झालं होतं, त्यात पाऊण तास गेला, त्याबद्दल त्या इतक्यांदा सॉरी म्हणाल्या की कुलूपवाल्याने त्या दिवसाचे चारपैकी दोन शब्द त्यांना ‘पुरे आता’ सांगण्यात खर्च केले. चढ संपल्यावर दोन मिनिटं थांबलो. केळी खाल्ली. साडू पाय टेकून उभा होता, हँडलवर दोन्ही कोपरं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग मला आवडला नाही. मला दिसलं होतं, हे मी कधीच नाकारत नाही. लोकांना दिसावं म्हणून पोट भरणारा माणूस मी, मला दिसणार नाही तर कुणाला? तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, मी काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं ते मी वर्षभर स्वतःशीसुद्धा उच्चारलेलं नाही. आत्ताही जीभ रेटत नाही. कॅप्टनने शिट्टी फुंकली आणि आम्ही निघालो. पुढे मी, मग कॅप्टन, डॉक्टरीणबाई, कुलूपवाला, आणि शेवटी तो.

माझी पाच मिनिटं मी जीव तोडून वारा फोडला. मांड्यांत आग, कानांत घोंघावणं, डोळ्यांसमोर फक्त रस्त्याची पांढरी रेघ. मग उजवीकडे झालो, वेग सोडला, आणि बाकीचे शेजारून जायला लागले. कॅप्टनचं चाक गेलं. डॉक्टरीणबाईंचं गेलं, हवा भरायच्या त्या लाल टोपणाच्या झडपेसकट. कुलूपवाल्याचं गेलं. तीन चाकं. चौथं जायला हवं होतं. चौथं आलं नाही, आणि मी कुलूपवाल्याच्या मागे जाऊन चिकटलो आणि ओरडलो, ‘सगळे!’ बस, एवढंच घडलं. मोजायला किती वेळ लागतो? आपण जिना उतरताना पायऱ्या मोजत नाही पण एक कमी असली की पायाला कळतं. माझ्या पायाला कळलं होतं. मला ते तोंडाने म्हणायला वर्ष लागलं, पण मला कळलं होतं. पहिले काही महिने मी स्वतःला सांगत होतो की सवयीने ओरडलो, दुकानात ओरडलो होतो तसाच, जीभ आपली आपण चालली. थकलेला माणूस, रक्तात साखर, अंगात त्राण नाही, होतं असं. हे सगळं खरं आहे. पण शेपटाला मागे बघायची परवानगी असते आणि मी मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. तो मागे पडलेला दिसला असता तर मला शिट्टी मारावी लागली असती, सगळे वळले असते, आणि चार वाजले असते. न बघता मी शुद्ध होतो. इतका हिशेबी विचार माणूस एका क्षणात, त्या वाऱ्यात करू शकतो का? मला माहीत नाही. मी केला एवढं माहीत आहे.

बारा किलोमीटरवर एक पूल लागला, रस्ता वळला, आणि वळणावर कॅप्टनला मान न वळवता अख्खी रांग दिसली. तो ओरडला, तुझा साडू कुठे? आणि माझ्या तोंडून, क्षणाचाही वेळ न घेता, जसं काही मी ते पाठ करून बसलो होतो, निघालं: तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. कॅप्टनने मान हलवली. त्याला ते पटलं. पटणारच, साडू असाच होता, दुसऱ्याला खोळंबा नको म्हणणारा. ते वाक्य मी त्याच्या स्वभावातून असं कापून काढलं होतं की शिवण दिसत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिच्चारा. आणि खरं सांगतो, बोलल्यावर मलाही ते खरंच वाटायला लागलं. मला तो दिसायला लागला, मागे कुठेतरी, आपल्या लयीत, एकसारखा श्वास घेत, रस्त्याखालचे पाइप मोजत येणारा. मी त्याच्यासाठी मनात जागाही धरून ठेवली, चहाच्या टपरीपाशी, सावलीत, माझ्या शेजारी.

तीन वाजून चोपन्न मिनिटांनी आम्ही पोचलो. ही गोष्ट मला सगळ्यात अवघड जाते. आनंद झाला. नुसता नाही, असा आनंद मला लग्नात झाला नव्हता, मुलगी झाली तेव्हा झाला नव्हता. शेवटच्या शंभर पावलांवर कॅप्टनने हात बाहेर काढला, डॉक्टरीणबाईंच्या खांद्यावर ठेवला, त्यांनी माझ्या खांद्यावर, मी कुलूपवाल्याच्या, आणि चौघं एका ओळीत, एका हाताने सायकल सांभाळत, त्या कापडी कमानीखालून गेलो. लोक टाळ्या वाजवत होते. कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत मी आ वासून हसतोय, दाढांपर्यंत तोंड दिसतंय, डॉक्टरीणबाई अजून म्हणतात की तुमची वरची डावी दाढ मी त्या फोटोत तपासली. चहा घेतला. गळ्यात पदकं पडली, त्यांनी पाच दिली, एक मी खिशात ठेवलं. मग आम्ही रस्त्याकडे तोंड करून साडूची वाट बघत बसलो, आणि मी त्याची टर उडवायला दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवत होतो. चार वाजून दहा मिनिटांनी कॅप्टनचा फोन वाजला. एका टेंपोवाल्याला तो मैलाच्या दगडाला टेकून बसलेला सापडला होता, साडेतीनच्या सुमाराला. श्वास चालू होता, बोलत नव्हता. जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. हृदय. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आणला असता तरी कदाचित वाचला नसता, आणि मग म्हणाले की अर्थात, काही सांगताही येत नाही.

ताई त्या दवाखान्याच्या ओसरीवर उभी होती तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं की ते एकटे कसे राहिले. मला विचारलं नव्हतं. कॅप्टनने सांगितलं, वहिनी, ते स्वतःच म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी येतो. ताईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, असेच आहेत हे. त्यानंतर ते वाक्य माझ्या हातात राहिलं नाही. बायकोने ते आपल्या मावशीला सांगितलं, मावशीने आणखी कुणाला. खात्यातल्या लोकांनी शोकसभेत ते तीनदा म्हटलं, साहेब म्हणाले की हे वाक्य म्हणजे या माणसाचं अख्खं आयुष्य आहे. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या शेजारी माझी मुलगी हुंदके देत होती, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो, आणि माझ्या मनात फक्त एकच विचार की आता उठून उभं राहायला हवं. उठलो नाही. मग चहा आला.

दीड वाजता मी दुकानाचं शटर ओढलं आणि ताईची जर्सी काखेत मारून निघालो. तिचं घर चालत दहा मिनिटं. बँकेची पायरी, रद्दीवाला, शाळेची भिंत, एरवी ज्या गोष्टी मला दिसतही नाहीत त्या सगळ्या दिसत होत्या, आणि प्रत्येक गोष्ट म्हणत होती, परत जा की. कुणाचं काय घोडं मारलंय त्या वाक्याने? वर्षभर ती त्याच्या आधाराने उभी आहे, आणि तू निघालायस ते काढून घ्यायला. कशासाठी? तिच्यासाठी की तुझ्या झोपेसाठी? दोनदा थांबलो. रद्दीवाल्याकडे उगाच एक जुनं मासिक चाळलं. तो म्हणाला, घ्यायचंय का, मी म्हणालो नाही, तर तो म्हणाला, मग घामेजल्या हाताने पानं नका उलटू. बरोबर होतं त्याचं.

ताई घरीच पुस्तकं बांधते. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची जाड रजिस्टरं. पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना. खिडकीखाली लोखंडी दाबयंत्र, त्यात आवळून ठेवलेले गठ्ठे, खळीचं पातेलं, पुठ्ठ्याचे तुकडे, आणि कोपऱ्यात त्याचं नकाशे काढायचं उतरतं टेबल, ज्यावर आता ती कापड कापते. मी गेलो तेव्हा ती एका रजिस्टरची पानं शिवत होती, जाड सुई, मेण लावलेला दोरा. बसा म्हणाली, पाणी घ्या. जर्सी उलगडून तिने स्वतःचं अक्षर न्याहाळलं, लांब धरून, मग जवळ. म्हणाली, दहा वेळा लिहिलं कागदावर, तेव्हा कुठे असं आलं. मग म्हणाली की धाकटीला, म्हणजे माझ्या बायकोला, तिने सांगितलं नव्हतं पण मला सांगते, सुरुवातीला तिला यांचा फार राग आला होता, असं मध्येच टाकून गेले म्हणून. या वाक्याने तो राग उतरला. वाटलं, आपल्या मर्जीने मागे राहिले, कुणी सोडलं नाही त्यांना. हे ती इतक्या साधेपणाने बोलली, दोरा ओढत, की मी आणलेलं सगळं धैर्य पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. ठरवलं, उठायचं. जर्सी दिली, काम झालं. रविवारी भेटू म्हणायचं. मी उठलोही.

तेवढ्यात ती म्हणाली, “एक ऐका. रविवारी तुम्ही शेवटी राहा. कॅप्टनलाही मी तसं सांगितलंय. इतके लोक आहेत, नवखे आहेत, मला धाकधूक वाटते. तुम्ही शेवटी असलात की मला काळजी नाही. तुम्ही ‘सगळे’ म्हणालात की मी समजेन, सगळे आहेत.”

मी परत बसलो. खुर्चीवर नाही, दाबयंत्राच्या शेजारी पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता त्यावर. ती म्हणाली, अहो, तिथे खळ सांडलीय.

“ताई,” मी म्हणालो, “ते तसं म्हणाले नव्हते. ते वाक्य माझं आहे.”

सुई कागदात शिरलेली होती. तिने ती पलीकडून ओढून घेतली, दोरा ताणला, आणि मग थांबली. मी सांगत गेलो. तीन चाकं गेली, चौथं आलं नाही, मी ओरडलो. पुलावर कॅप्टनने विचारलं, मी बोललो. चार वाजायच्या आत पोचायचं होतं म्हणून. हेही सांगितलं की पोचल्यावर मला आनंद झाला. ते सांगायची काही गरज नव्हती, पण एकदा सुरू झाल्यावर मला काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते कळेनासं झालं. ताई माझ्याकडे बघत नव्हती. रजिस्टरच्या कोऱ्या पानावर हात पालथा ठेवून बसली होती. मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर ओरडेल, नाहीतर मला हाकलेल. वर्षभर मी या तिन्हींची तयारी केली होती.

“मग काय म्हणाले होते ते?” तिने विचारलं. “शेवटचं?”

मी म्हणालो, चढ संपल्यावर, निघायच्या आधी.

“म्हणाले, आता जरा हळू घेता येईल का.”

“कुणाला म्हणाले?”

“मला.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो, आता नाही, थोडंच राहिलंय.”

तिने ते स्वतःशी एकदा म्हणून बघितलं, ओठांतल्या ओठांत, ‘हळू घेता येईल का’. सव्वीस वर्षं, ती म्हणाली, ताप असला तरी सांगायचे नाहीत. मी कपाळाला हात लावून ओळखायचे. एकदा तरी माझ्याकडे काही मागावं म्हणून मी किती भांडलेय त्यांच्याशी, तुम्हाला काय माहीत. आणि त्यांनी मागितलं होतं. तिचा आवाज तेवढ्यावर फाटला. मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं नाही. मग तिने विचारलं, किती वेळ एकटे होते. पाऊण तास, मी म्हणालो. पाऊण तास, ती म्हणाली. तिने सुई पिनांच्या डबीत ठेवली, दोऱ्याचं टोक दाताने तोडलं, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

“तुम्ही मागे वळून बघितलं असतंत, तर दिसले असते ते?”

वर्षभरात या प्रश्नाला मी कितीतरी उत्तरं तयार केली होती. त्यांत चढ होता, धूळ होती, डोळ्यांत गेलेला घाम होता, एक वळण होतं. त्या वळणाची तर मी इतकी उजळणी केली होती की मला ते डोळे मिटून काढता आलं असतं.

“हो,” मी म्हणालो. “रस्ता सरळ होता.”

ती उठली, पातेल्यावर झाकण ठेवलं, हात धुतले, पुसले. माझी पँट मागून खळीने भिजली होती, ती अंगाला चिकटली होती, आणि मला उठून उभं राहायचीही लाज वाटत होती. तिने दार उघडलं आणि दारातच उभी राहिली.

“धाकटीला आज संध्याकाळी माझ्याकडे पाठवा,” ती म्हणाली. “तिला आधी तुम्ही सांगा, मग पाठवा. आणि तुम्ही काही दिवस येऊ नका.”

मी बरं म्हणालो आणि चपला घातल्या.